०.९८ म्हणजे नक्की काय? क्ष-किरणांचं ध्रुवण आणि डेटा-मानकं

समजा, दुसऱ्या कुणीतरी गोळा केलेला प्रथिन-स्फटिकाचा कच्चा डेटा तुमच्या हातात आला आहे. हजारभर प्रतिमा, प्रत्येकीवर काळे ठिपके. तुम्ही हेडर उघडता. तरंगलांबी आहे, डिटेक्टरचं अंतर आहे, प्रत्येक प्रतिमेत स्फटिक किती अंशांनी फिरवला तेही आहे. ध्रुवणासमोर फक्त ०.९८ लिहिलंय. एकक नाही, दिशा नाही. आता प्रोसेसिंगच्या प्रोग्राममध्येही ध्रुवणाचा एक रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ०.९८ तसंच उचलून तिथे टाकायचं का?

प्रोग्राम डेंझोच्या घराण्यातला असेल तर कदाचित हो. एक्सडीएस असेल तर नाही, तिथे बहुधा ०.९९ टाकावं लागेल. आणि दिशेचं काय, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो. हा लेख त्या एका रकान्याबद्दल आहे. वरवर बारीकसा वाटतो, पण डेटाचं मानक म्हणजे काय आणि ते कशासाठी असतं हे समजून घ्यायला मला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी शब्दाचं बघू. 'ध्रुवीकरण' म्हटलं की आता निवडणुकाच आठवतात, म्हणून मी 'ध्रुवण' म्हणते. प्रकाश असो की क्ष-किरण, ही विद्युत-चुंबकीय लहर आहे. तिचं विद्युत क्षेत्र लहरीच्या प्रवासाला आडवं कंप पावतं. आडवं म्हणजे कोणत्या बाजूला, त्याला बंधन नाही: वर-खाली, डावी-उजवीकडे, तिरकं, काहीही. सगळ्या दिशा सारख्या प्रमाणात मिसळलेल्या असतील तर झोत अध्रुवित. एकाच दिशेला कंपन होत असेल तर पूर्ण ध्रुवित. बहुतेक खरे झोत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

याचा स्फटिकाशी काय संबंध? क्ष-किरण स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला हलवतात आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः क्ष-किरण बाहेर फेकतो. पण सगळ्या दिशांना सारखे नाही. कोकणातल्या घराच्या पडवीत टांगलेला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. बाजूने पाहिलं तर तो पूर्ण झोक्याने इकडून तिकडे जाताना दिसतो. झोक्याच्या रेषेतच समोर उभं राहून पाहिलं तर तो जवळ येतो, लांब जातो, पण आडवा हलताना दिसतच नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच आहे. ज्या दिशेतून त्याचं आडवं हलणं दिसत नाही, त्या दिशेला तो काहीच फेकत नाही. चार्ल्स बार्कला यांनी १९०५-०६ च्या सुमारास नेमकं हेच वापरून क्ष-किरण ध्रुवित होतात हे दाखवलं. विवर्तनाचा शोध तेव्हा अजून लागायचा होता.

म्हणून झोत जर आडव्या दिशेत ध्रुवित असेल, तर डिटेक्टरवर वर आणि खाली पडणारे ठिपके पूर्ण ताकदीचे येतात आणि डावी-उजवीकडचे फिके पडतात. जितके मध्यापासून लांब, तितके जास्त फिके. स्फटिकाच्या सममितीनुसार ज्या दोन ठिपक्यांची तीव्रता सारखी असायला हवी, त्यातला एक वर पडला आणि दुसरा उजवीकडे पडला तर मोजमाप वेगवेगळं येणार. यात स्फटिकाचा दोष नाही, झोताचा गुण आहे. प्रोग्रामने तो भागाकाराने काढून टाकायचा असतो.

किती फरक पडतो, ते आकड्यांत बघू. आकडे बघितल्याशिवाय ही दुरुस्ती कुणी मनावर घेत नाही. सूत्र कान, फुर्म आणि सहकाऱ्यांच्या १९८२ च्या लेखातलं आहे आणि आजही तेच वापरतात. विवर्तित किरण मूळ झोतापासून किती वळला, त्या कोनाला आपण 'वळण' म्हणू. झोत अध्रुवित असेल तर दुरुस्तीचा गुणक असतो: एक अधिक वळणाच्या कोसाइनचा वर्ग, भागिले दोन. झोत पूर्ण ध्रुवित असेल तर ध्रुवणाच्या प्रतलात वळलेल्या ठिपक्यांसाठी तो नुसता कोसाइनचा वर्ग होतो आणि त्याला लंब दिशेत वळलेल्यांसाठी चक्क एक. बाकी सगळे ठिपके या दोघांच्या मध्ये.

तरंगलांबी १ अँगस्ट्रॉम घ्या. विभेदन २ अँगस्ट्रॉम असलेल्या ठिपक्यासाठी वळणाचा कोसाइन येतो ०.८७५ आणि त्याचा वर्ग ०.७७. म्हणजे तोच ठिपका वर पडला तर १, उजवीकडे पडला तर ०.७७. तुम्ही प्रोग्रामला 'झोत अध्रुवित आहे' असं सांगितलंत तर तो दोघांनाही ०.८८ ने भागेल आणि सुमारे ३० टक्क्यांचा फरक तसाच तुमच्या डेटात राहील. विभेदन १.२ अँगस्ट्रॉम असेल तर तोच वर्ग ०.४३ पर्यंत खाली येतो. तिथे तर एका ठिपक्याची दुप्पट-सव्वादोनपट तीव्रता आणि दोन्ही म्हणे सममितीने सारखे!

याउलट, आकडा थोडासाच चुकला तर? २ अँगस्ट्रॉमवर ०.९८ च्या जागी ०.९ लिहिलं तर तीव्रतेत साधारण एक टक्क्याचा फरक पडतो. साध्या रचनेसाठी एक टक्का चालून जातो, हे मी मोकळेपणाने सांगते. पण प्रथिनातल्या गंधकाच्या अणूंचा अपसामान्य सिग्नल वापरून फेज काढायचा विचार असेल, तर तो सिग्नलच मुळी एक टक्क्याच्या आसपास असतो. तिथे हा एक टक्का म्हणजे सगळी पुंजी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्केलिंग करणारे प्रोग्राम हुशार असतात. मऊ, हळूहळू बदलणारी चूक ते शोषणाच्या नावाखाली थोडीफार गिळून टाकतात. त्यामुळे शेवटच्या तक्त्यातले आकडे ठीक दिसतात आणि ध्रुवण चुकलं होतं हे कुणाला कळतही नाही. चूक ओरडत नाही, म्हणूनच ती फाइलमध्ये नीट नोंदवण्याची गरज जास्त.

आता हे ध्रुवण येतं कुठून? मोठा पुरवठादार म्हणजे सिंक्रोट्रॉन. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे: २.५ गिगॅ-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, १७२.५ मीटर परिघाचं वर्तुळ. तिथली पीएक्स-बीएल२१ ही प्रथिन-स्फटिकांसाठीची बीमलाइन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केली. इलेक्ट्रॉन आडव्या प्रतलात वळतात, म्हणजे त्यांचा त्वरण-सदिशही आडवाच, म्हणून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांचं विद्युत क्षेत्रही आडवं. बरोबर कक्षेच्या पातळीत उभं राहून पाहिलं तर पूर्ण ध्रुवित. त्या पातळीच्या थोडं वर किंवा खाली गेलं की उभा घटक मिसळायला लागतो. वळणचुंबकातून बाहेर पडणाऱ्या एकूण शक्तीची सरासरी काढली तर आडवा भाग सात-अष्टमांश आणि उभा एक-अष्टमांश येतो.

या प्रकाशाचा पंखा उभ्या दिशेत फार अरुंद असतो. इंडस-२ च्या ऊर्जेला तो साधारण ०.२ मिलिरेडियन, म्हणजे २० मीटरवर जेमतेम ४ मिलिमीटर. त्यातली फक्त मधली फट घेतली तर ध्रुवण एकाच्या जवळ जातं. जास्त प्रकाशाच्या मोहाने फट उघडी ठेवली तर ते कमी होतं. म्हणजे 'इंडस-२ चं ध्रुवण किती' या प्रश्नाला एक उत्तर नाही. त्या दिवशी फट किती उघडी होती, मधला मोनोक्रोमेटर कुठला, हे सगळं त्यात आलं. हा आकडा मशीनचा नाही, प्रयोगाचा आहे. म्हणूनच तो प्रयोगाच्या फाइलमध्ये असायला हवा, बीमलाइनच्या वेबसाइटवर नव्हे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं मशीन वापरणाऱ्यांनी 'आपलं तर साधं ट्यूब आहे, अध्रुवित' म्हणून इथे वाचणं थांबवू नका. ट्यूबमधून निघणारा झोत साधारण अध्रुवित असतो हे खरं. पण पुढे ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर असेल तर तोही एक स्फटिकच आहे, आणि झोपाळ्याचा नियम त्यालाही लागू.

मी कोलाडची. आमच्या कुंडलिकेवर राफ्टिंगसाठी येणारे लोक ध्रुवित काचांचे गॉगल घालून येतात, आणि त्यांच्या गॉगलमध्ये हाच नियम आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की नदी भरून वाहते आणि उन्हात तिच्यावरची चमक डोळ्यांत घुसते. ही चमक पाण्यावरून परावर्तित झालेली असते आणि परावर्तनात उभा घटक मार खातो. लंबापासून ५३ अंशांच्या कोनात तर तो पूर्ण नाहीसा होतो आणि उरतो फक्त आडवा ध्रुवित प्रकाश. गॉगलची काच आडवं अडवते, चमक जाते, खालचे दगड दिसतात. मान खांद्याकडे पूर्ण कलवून बघा, चमक परत येते. नदी तीच, प्रकाश तोच, गॉगलही तोच. बदलला तो फक्त गॉगल आणि नदी यांच्यातला कोन. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर तांब्याच्या क्ष-किरणांना २६.६ अंशांनी वळवतो. त्याच्या कोसाइनचा वर्ग ०.८०. म्हणजे वळणाच्या प्रतलातला घटक ८० टक्के उरतो, लंब घटक १०० टक्के. मॉलिब्डेनम वापरलं तर वळण १२ अंशांचं आणि घटक ९६ टक्के, म्हणजे जवळजवळ दुर्लक्ष करण्याजोगं. पावडर डेटावर रिटव्हेल्ड करणाऱ्यांनी फुलप्रॉफमध्ये ०.७९९८ हा आकडा टाकलेला असेल, सीनिअरने सांगितला म्हणून. तो आकडा म्हणजे हाच कोसाइनचा वर्ग. मोनोक्रोमेटर नसलेल्या मशीनसाठीही तोच आकडा डोळे झाकून टाकला जातो, हे मी एकाहून जास्त प्रबंधांत पाहिलंय. (खरं तर कोसाइनचा वर्ग हा ग्रॅफाइटसारख्या विस्कळित स्फटिकाचा आदर्श झाला. परिपूर्ण स्फटिकासाठी वर्ग न करता नुसता कोसाइन येतो. खरं ग्रॅफाइट मध्ये कुठेतरी.)

आता मानकांकडे. स्फटिकविज्ञानात माहिती लिहिण्याची सीआयएफ नावाची पद्धत १९९१ मध्ये हॉल, ॲलन आणि ब्राऊन यांनी मांडली. साधी अक्षरी फाइल, प्रत्येक गोष्टीला ठरलेलं नाव, आणि त्या नावाचा अर्थ सांगणारा एक शब्दकोश. मानक म्हणजे हा शब्दकोश. फाइल हा नुसता डबा. सीआयएफच्या मूळ शब्दकोशात ध्रुवणासाठी दोन नावं आहेत. एक गुणोत्तर आणि एक कोन. गुणोत्तर म्हणजे विवर्तन-प्रतलाला लंब असलेला घटक भागिले समांतर घटक. विवर्तन-प्रतल म्हणजे येणारा किरण आणि विवर्तित किरण या दोघांचं मिळून होणारं प्रतल. कोन म्हणजे तो लंब घटक त्या प्रतलाच्या लंबापासून किती कललेला आहे.

हे वाचून काही खटकतंय का? 'विवर्तन-प्रतल' असं एकवचनी लिहिलंय. हा शब्दकोश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चार-वर्तुळी डिफ्रॅक्टोमीटर होता. त्यात डिटेक्टर म्हणजे एकच बिंदू मोजणारा काउंटर, आणि तो एकाच ठरलेल्या प्रतलात फिरायचा. प्रत्येक ठिपका त्या प्रतलात आणला जायचा. त्यामुळे विवर्तन-प्रतल खरोखर एकच होतं आणि व्याख्या चपखल बसत होती. वर सांगितलेल्या ग्रॅफाइटचं वळण त्याच प्रतलात असेल तर गुणोत्तर एक भागिले ०.८, म्हणजे १.२५. झालं काम.

मग सपाट, मोठे डिटेक्टर आले: आधी इमेज-प्लेट, मग सीसीडी, आता पिक्सेल डिटेक्टर. एका प्रतिमेत शेकडो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचं विवर्तन-प्रतल वेगळं. वरच्या ठिपक्याचं उभं, उजवीकडच्याचं आडवं, कोपऱ्यातल्याचं तिरकं. 'विवर्तन-प्रतलाच्या संदर्भात ध्रुवण किती' या प्रश्नाला आता जितके ठिपके तितकी उत्तरं. शब्दकोशातली व्याख्या चुकीची नव्हती, पण यंत्र बदललं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. गॉगल हलत राहिला तर नदीबद्दल एकच विधान करता येणार नाही, तसं.

डिटेक्टरच्या प्रतिमांसाठी पुढे इमेजसीआयएफ हा शब्दकोश झाला. इंटरनॅशनल टेबल्सच्या २००५ मध्ये आलेल्या जी खंडात तो सविस्तर आहे. त्यात ध्रुवणासाठी दुसरी जोडी आली आणि तिच्या नावात 'सोर्स' हा शब्द घातला. म्हणजे ठिपक्याकडून नाही, झोताकडून बोलायचं. गंमत अशी की जुन्या जोडीत पोलरायझेशनचं संक्षिप्त रूप 'एस' अक्षराने लिहिलंय आणि नव्या जोडीत 'झेड'ने. एका अक्षराने व्याख्या बदलते. मी त्यांना मनातल्या मनात एस-जोडी आणि झेड-जोडी म्हणते.

झेड-जोडीतलं गुणोत्तर असं: विद्युत क्षेत्राची ध्रुवण-प्रतलातली तीव्रता, वजा त्याच्या लंब दिशेतली तीव्रता, भागिले दोघींची बेरीज. अध्रुवित झोताला शून्य, पूर्ण ध्रुविताला एक. एस-जोडीतलं गुणोत्तर मात्र साधा भागाकार आहे, त्यामुळे तिथे अध्रुविताला एक आणि पूर्ण ध्रुविताला अनंत किंवा शून्य. म्हणजे 'पोलरायझेशन रेशो १' असं कुणी वहीत लिहून ठेवलं असेल, तर एका शब्दकोशात त्याचा अर्थ अजिबात ध्रुवण नाही आणि दुसऱ्यात पूर्ण ध्रुवण. (जुन्या प्रकाशशास्त्राची पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: तिथे 'ध्रुवणाचं प्रतल' म्हणजे विद्युत क्षेत्राला लंब असलेलं प्रतल. इमेजसीआयएफने 'विद्युत सदिश' असं स्पष्ट लिहून तो वाद मिटवलाय.)

झेड-जोडीतला कोन जास्त रंजक आहे. ध्रुवण-प्रतलाचा लंब आणि प्रयोगशाळेचा वाय अक्ष यांच्यातला कोन, नमुन्याकडून पाहिल्यावर. या वाक्यात दोन गोष्टी दडल्या आहेत.

पहिली, वाय अक्ष. तुम्ही म्हणाल वाय म्हणजे वरची दिशा. इमेजसीआयएफमध्ये तसं नाही. तिथे एक्स अक्ष म्हणजे गोनिओमीटरचा मुख्य अक्ष, ज्याभोवती स्फटिक फिरतो. झेड अक्ष नमुन्याकडून स्रोताकडे. वाय उरलेला. बहुतेक बीमलाइनवर गोनिओमीटरचा अक्ष आडवा असतो, म्हणून वाय उभा येतो, आडव्या ध्रुवणाचा लंबही उभा, आणि कोन शून्य. छान. पण गोनिओमीटर उभ्या अक्षाचा असेल तर? आता एक्स उभा, म्हणून वाय आडवा, ध्रुवणाचा लंब मात्र अजूनही उभाच. कोन ९० अंश. सिंक्रोट्रॉन तोच, झोत तोच, ध्रुवणाचं प्रमाण तेच. पण जुन्या फाइलचं हेडर कॉपी करून शून्य ठेवलंत तर प्रोग्राम वरच्या ठिपक्यांची दुरुस्ती उजवीकडच्यांना लावेल आणि उलट. २ अँगस्ट्रॉमच्या उदाहरणात आधीचा ३० टक्क्यांचा फरक दुरुस्त होण्याऐवजी ७० टक्क्यांवर जातो. दुरुस्ती न करणं यापेक्षा बरं.

दुसरी गोष्ट, 'नमुन्याकडून पाहिल्यावर'. कोलाडजवळ कुंडलिकेवर डोलवहालचा बंधारा आहे. नदीच्या काठावर तोंड कुठेही करून उभं राहिलं तर डावं-उजवं आपल्या मर्जीप्रमाणे बदलतं. म्हणून पाटबंधाऱ्याच्या कागदात एक नियम ठरलेला असतो: पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला तोंड करून जो डावा तो डावा तीर, डावा कालवा. क्ष-किरणांच्या बाबतीत इमेजसीआयएफने उलटं ठरवलं: प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे नमुन्यावर बसून स्रोताकडे बघायचं. कोन शून्य किंवा ९० असेल तर याने काही बिघडत नाही. पण झोत ३० अंशांनी कललेला असेल तर एका बाजूने तो अधिक ३० आणि दुसऱ्या बाजूने उणे ३०. कोणत्याही बाजूने बघायला हरकत नाही, फक्त ती बाजू लिहून ठेवलेली हवी.

नेक्ससने याच ठिकाणी दुसरा रस्ता धरला. आजचे वेगवान पिक्सेल डिटेक्टर प्रतिमा एचडीएफ५ फाइलमध्ये भरतात आणि बृहद्रेणूंच्या स्फटिकविज्ञानासाठी त्यात एनएक्सएमएक्स ही मांडणी वापरतात. २०२० मध्ये बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी आययूसीआरजेमध्ये जे 'सुवर्णमानक' मांडलं, ते याच मांडणीवर. इथे ध्रुवण स्टोक्सच्या चार आकड्यांत लिहितात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ते प्रकाशासाठी मांडले होते. पहिला आकडा एकूण तीव्रता. दुसरा आडव्या आणि उभ्या घटकांतली वजाबाकी. तिसरा तीच वजाबाकी, पण ४५ अंश आणि उणे ४५ अंश या जोडीची. चौथा वर्तुळाकार ध्रुवणाचा. (सी. व्ही. रामन यांचे भाचे पंचरत्नम यांचं १९५६ चं गाजलेलं काम याच विश्वातलं आहे, सवडीने वाचा.) माझ्या मते ही पद्धत स्वच्छ आहे. वेगळा कोन लिहावा लागत नाही, अंशतः ध्रुवित झोत आपोआप बसतो आणि 'अध्रुवित असेल तर प्रतल कुठलं मानायचं' असली पळवाट लागत नाही. इमेजसीआयएफला मात्र ती लिहावी लागली: ध्रुवण नसेल तर कोन शून्य धरा. पुढे इमेजसीआयएफमध्येही स्टोक्सचे आकडे आले.

पण नेक्ससचा झेड अक्ष झोताच्या दिशेने जातो आणि इमेजसीआयएफचा झोताच्या उलट. उजव्या हाताचा नियम पाळून झेड उलटा केला की एक्स-वायपैकी एक उलटतोच. दुसऱ्या आकड्याला त्याचा फरक पडत नाही, तिसऱ्याचं चिन्ह बदलतं. एका मांडणीतून दुसरीत रूपांतर करणारी स्क्रिप्ट लिहीत असाल, तर तपासणीसाठी आडवा ध्रुवित झोत वापरू नका. तो दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि स्क्रिप्टमधली चूक लपते. खोटाच सही, ३० अंशांवर कललेला झोत देऊन बघा.

प्रोग्रामांचं आता पटकन सांगते. डेंझोची व्याख्या झेड-जोडीशी जुळते, एक्स अक्ष ध्रुवण-प्रतलात असेल तर. एक्सडीएस 'ध्रुवित अंश' मागतो: तिथे अध्रुवित म्हणजे ०.५ आणि पूर्ण ध्रुवित म्हणजे १. रूपांतर सोपं आहे, झेड-जोडीच्या आकड्यात एक मिळवा आणि दोनाने भागा. ०.९८ चं ०.९९ होतं. ग्रॅफाइटच्या तांब्याचं गुणोत्तर झेड-पद्धतीने ०.११, एक्सडीएसमध्ये ०.५६. डायल्सही अंशच मागतो आणि सोबत ध्रुवण-प्रतलाचा लंब सदिश म्हणून मागतो. ०.९८ आणि ०.९९ ची अदलाबदल झाली तर आकाश कोसळत नाही. पण 'माझा झोत अध्रुवित आहे' म्हणून एक्सडीएसमध्ये शून्य टाकलं, तर त्याला वाटेल की झोत उभ्या दिशेत पूर्ण ध्रुवित आहे.

'ध्रुवण आडवंच असतं, डिफॉल्ट ठेवा' असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो बरीच वर्षं चालला. आता स्टॅनफर्डच्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरच्या कठीण किरणांच्या नव्या अंड्युलेटरमधून, २०२० पासून, उभ्या दिशेत ध्रुवित झोत निघतो. तिथला डेटा आडव्या डिफॉल्टवर चालवला तर काय होईल ते वरच्या हिशोबावरून तुम्हीच काढा.

हेडरमध्ये काहीच नसेल तर डेटालाच विचारा. स्फटिकाभोवतीच्या पाण्याचं एक रुंद, अंधुक वलय साधारण ३.३ अँगस्ट्रॉमवर दिसतं. १ अँगस्ट्रॉमच्या तरंगलांबीला आडव्या ध्रुवित झोतात ते डावी-उजवीकडे, वर-खालीपेक्षा सुमारे ९ टक्के फिकं असायला हवं. वलयाभोवती फिरत तीव्रतेचा आलेख काढा. एका फेरीत दोन उंचवटे आणि दोन खळगे आले की समजा ध्रुवण सापडलं: खळगे कुठे आहेत त्यावरून दिशा आणि किती खोल आहेत त्यावरून प्रमाण. बीमस्टॉपच्या दांडीची आणि थंड वायूच्या नळीची सावली आधी वगळा, नाहीतर तिलाच ध्रुवण समजाल. मोजणीची पावडर असेल, उदाहरणार्थ लॅन्थॅनम हेक्साबोराइड, तर तिच्या बाहेरच्या वलयांवर हेच आणखी ठळक दिसतं. याखेरीज दोन-तीन वेगळे आकडे टाकून डेटा पुन्हा प्रोसेस करा आणि सममितीने समान ठिपक्यांमधली तफावत उच्च विभेदनाच्या कप्प्यात कुठे कमी होते ते बघा. यावरून दुसरा दशांश नक्की करता येणार नाही, पण दिशा ९० अंशांनी चुकली असेल तर ती उघडी पडते.

तुमचा स्वतःचा डेटा जमा करताना हेडरच्या विश्वासावर राहू नका. प्रोटीन डेटा बँकेतल्या कुठल्याही चार-पाच नोंदी उघडून बघा. तरंगलांबी हमखास असते, ध्रुवण क्वचितच. बीमलाइनवर असतानाच वहीत लिहा: गोनिओमीटरचा अक्ष आडवा की उभा, मोनोक्रोमेटर कुठला आणि कोणत्या प्रतलात वळवतो, फटीची उघडीप, आणि बीमलाइनच्या शास्त्रज्ञाने सांगितलेला ध्रुवणाचा आकडा कोणत्या व्याख्येतला आहे. हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, त्यांनाही कधीकधी मॅन्युअल बघावं लागतं. आणि खरंच माहिती नसेल तर सीआयएफमध्ये प्रश्नचिन्ह टाका. तिथे प्रश्नचिन्हाचा अर्थ 'माहीत नाही' आणि नुसत्या टिंबाचा अर्थ 'इथे लागू नाही' असा ठरलेला आहे. शून्य मात्र टाकू नका, कारण शून्य हे मोजलेलं उत्तर आहे.